ऐकणारा कोण? चॅपल हिलच्या कृष्णवर्णीय वस्तीचा मौखिक इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका लहानशा विद्यापीठ-गावात कृष्णवर्णीय म्हाताऱ्या माणसांनी टेपवर काय सांगून ठेवलंय, याची चौकशी आपण इथं बसून कशाला करायची? कारण साक्ष म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे, आणि वर्गात तो नेहमी कोरडा वाटतो. अ ने ब ला सांगितलं, ब ने विश्वास ठेवावा का? फळ्यावर अ आणि ब यांना ना रंग असतो, ना पगार. चॅपल हिलच्या ध्वनिमुद्रणांत दोन्ही आहेत. म्हणून आम्ही हे गाव निवडलं.

गाव उत्तर कॅरोलायनात आहे. विद्यापीठाला सनद मिळाली 1789 मध्ये, आणि विद्यार्थी आले 1795 मध्ये. आधी विद्यापीठ, मग गाव, असा तिथला क्रम. ज्या इमारती आज पर्यटकांना कौतुकानं दाखवतात, त्या उभारण्यात गुलाम माणसांचे हात होते. गुलामगिरी संपल्यावर त्यांचीच मुलं-नातवंडं विद्यापीठाच्या आसपासच्या वस्त्यांत राहिली. नॉर्थसाइड, पाइन नोल्स, टिन टॉप ही त्या वस्त्यांची नावं. काम काय? विद्यापीठात स्वयंपाक, झाडलोट, वसतिगृहांची सफाई, आणि प्राध्यापकांच्या घरी धुणी-भांडी. शेजारचं जोडगाव कॅरबरो. त्याला नाव ज्युलियन कार या गिरणीमालकाचं. 1913 मध्ये विद्यापीठाच्या आवारात दक्षिणेच्या बंडखोर सैनिकाचा पुतळा उभा राहिला तेव्हा याच गृहस्थांनी भाषण केलं, आणि एका कृष्णवर्णीय स्त्रीला आपण चाबकानं फोडून काढलं होतं हे त्यात अभिमानानं सांगितलं. तो पुतळा 2018 च्या ऑगस्टमध्ये आंदोलकांनी खाली ओढला. गावाचं नाव अजून तेच आहे.

आणि या गावाला टोपणनाव कोणतं? ‘स्वर्गाचा दक्षिण भाग’. विल्यम मीड प्रिन्स या चित्रकाराचं बालपणीच्या आठवणींचं पुस्तक 1950 मध्ये याच नावानं आलं आणि नाव गावाला चिकटलं. उदारमतवादी, पुस्तकी, सुसंस्कृत गाव, अशी त्याची कीर्ती. मौखिक इतिहास या कीर्तीला नुसता धक्का देतो असं म्हणून थांबणं सोपं आहे. बहुतेक परिचयलेख तिथंच थांबतात. आमचा आक्षेप वेगळा आहे. सांगणारे काय सांगतात याची चर्चा खूप होते. ते कोणाला सांगतायत, याची फार कमी. आणि विद्यापीठाच्या गावात हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तिथं ऐकणारा आणि पगार देणारा बऱ्याचदा एकच असतो.

थोडं मागं जाऊ. 1936 ते 1938 या काळात अमेरिकी सरकारच्या लेखक-प्रकल्पानं गुलामगिरीतून जगून निघालेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. दोन हजार तीनशेहून जास्त. विचारणारे बहुतेक गोरे, सांगणारे ऐंशी-नव्वदीचे, आणि मंदीचा काळ. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात सुझन हॅम्लिन नावाच्या शंभरीच्या घरातल्या वृद्धेची मुलाखत एका गोऱ्या बाईंनी घेतली. सुझनना वाटलं, या सरकारी मदतीच्या खात्यातून आल्या आहेत. मालक चांगला होता, खायला-ल्यायला मिळत होतं, असं त्यांनी सांगितलं. त्याच सुमारास एक कृष्णवर्णीय मुलाखतकार त्यांच्याकडे गेला. त्याच्या कागदावर नाव थोडं बदललंय, हॅमिल्टन असं, पण बाई त्याच. आणि आता मुलाखतीत चाबूक आला, आयांपासून तोडून विकलेली पोरं आली. इतिहासाच्या वर्गांत हे उदाहरण आता प्रसिद्ध आहे.

यातली खरी मुलाखत कोणती, असं विद्यार्थी लगेच विचारतात. आमच्या मते प्रश्नच चुकतो. दोन्ही मुलाखती खऱ्या आहेत. पहिलीतून समजतं की 1937 मध्ये एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय बाईला मदतीच्या खात्याशी कसं बोलावं लागत होतं. ही माहिती काही कमी मोलाची नाही. फक्त ती गुलामगिरीबद्दलची माहिती नाही, 1937 बद्दलची आहे.

हे मनात ठेवून परत चॅपल हिलला येऊ. तिथल्या विद्यापीठात 1973 मध्ये इतिहासकार जॅकलिन डाउड हॉल यांच्या नेतृत्वाखाली दक्षिणेच्या मौखिक इतिहासाचा प्रकल्प सुरू झाला. आज त्याच्याकडे सहा हजारांहून जास्त मुलाखती आहेत आणि पुष्कळशा कोणालाही घरबसल्या ऐकता येतात. काम मोठं आहे, यात शंका नाही. पण तारीख पाहा. त्याआधी चारच वर्षं, 1969 च्या फेब्रुवारीत, याच विद्यापीठाच्या लेनॉयर हॉल या भोजनगृहातल्या कामगारांनी संप केला होता. बहुतेक कृष्णवर्णीय बायका. पुढारी होत्या मेरी स्मिथ आणि एलिझाबेथ ब्रुक्स. भोजनगृह उघडं ठेवायला राज्यपालांनी पोलीस पाठवले. शेवटी किमान वेतन तासाला 1.80 डॉलरपर्यंत वाढलं, ते राज्याच्या इतर हजारो कामगारांनाही लागू झालं, आणि मग विद्यापीठानं भोजनगृह खाजगी कंपनीकडे दिल्यावर त्याच वर्षी दुसरा संप झाला. ब्रुक्स यांची मुलाखत 1974 मधली आहे. म्हणजे ज्या संस्थेशी भांडण झालं, तिच्याच छत्राखालच्या यंत्रापुढं बसून भांडणाची हकीगत सांगायची. सुझनबाईंची अडचण इथं नव्या रूपात आली. संपकऱ्यांनी आधीच जाहीर भांडण केलेलं असल्यामुळं त्यांना लपवायचं फारसं उरलं नव्हतं, म्हणून त्या मोकळ्या बोलतात. पण ज्यांनी कधी संप केला नाही, तीस-चाळीस वर्षं मान खाली घालून काम केलं, त्यांचं काय? त्यांच्या मुलाखतीत विद्यापीठाबद्दल चांगले शब्द आले, तर ते आपण कसे वाचायचे? आमचं म्हणणं एवढंच, की वाचताना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोण बसलं होतं ते दिसायला हवं. प्रत्येक मुलाखतीच्या नोंदीत सांगणाऱ्याचं वय, धंदा, जन्मगाव असतं. विचारणाऱ्याबद्दल बहुधा नावापलीकडं काही नसतं. हा दोष छोटा नाही.

आता मौखिक इतिहास नसता तर काय हाती असतं, तेही पाहू. 1963–64 मध्ये गावात हॉटेलं-दुकानं सर्वांना खुली करावीत म्हणून मोठं आंदोलन झालं. नगरसभेला तसा नियम करता आला असता, आणि तिनं तो केला नाही. जुलै 1964 मध्ये देशाचाच कायदा झाला तेव्हा दारं उघडली. या आंदोलनावर जॉन एली या कादंबरीकारानं लगेच, 1965 मध्ये, एक पुस्तक लिहिलं. सहानुभूतीनं लिहिलंय, वाचनीय आहे. पण पुस्तकाच्या मध्यभागी तीन तरुण पुढारी आहेत, दोन गोरे आणि एक कृष्णवर्णीय, आणि त्यांचे खटले. वस्ती मागच्या पडद्यावर. मुलाखती ऐकल्या की आंदोलन तीन वर्षं मागं सरकतं: 28 फेब्रुवारी 1960 ला लिंकन हायस्कूलची नऊ मुलं फ्रँकलिन रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात, जिथं त्यांना बसून खायची-प्यायची मनाई होती, तिथं जाऊन बसली. विद्यापीठाची नव्हे, शाळेची मुलं. त्या जागी स्मारकफलक लागायला 2020 उजाडलं. साठ वर्षं ही गोष्ट वस्तीनं सांभाळली, ती कागदाच्या जोरावर नाही.

याच लिंकन शाळेशी थोडं थांबायचंय, कारण या मुलाखतींवरची सर्वांत जास्त टीका इथं होते, आणि आमच्या मते ती चुकीची आहे.

लिंकन ही कृष्णवर्णीयांची शाळा. 1966 मध्ये ती बंद झाली आणि मुलं नव्या एकत्रित हायस्कूलमध्ये गेली. माजी विद्यार्थी या शाळेबद्दल अतोनात प्रेमानं बोलतात. शिक्षक गल्लीतच राहायचे, घरी यायचे, आईबापांना नावानं ओळखायचे. बँड असा, फुटबॉलचा संघ असा. हे ऐकून टीकाकार म्हणतात, ही स्मरणरंजनाची साखर आहे. वेगळी शाळा म्हणजे अन्यायच होता, गोऱ्या शाळेतली वापरून टाकलेली पुस्तकं मिळायची, मग हे गोडवे कसले? म्हातारपणी सगळ्यांनाच शाळा गोड लागते!

पण मुलाखती नीट ऐका. फाटकी पुस्तकं त्यांनीच सांगितलेली आहेत, टीकाकारांनी शोधून काढलेली नाहीत. तोच माणूस एका दमात फाटकं पुस्तक सांगतो आणि पुढच्या दमात शिक्षकाचं प्रेम. तो विसरलेला नाही. तो हिशेब मांडतोय. एकत्रीकरणात काय मिळालं आणि काय गेलं, याचा. लिंकनचे मुख्याध्यापक मॅकडूगल नव्या शाळेचे मुख्याध्यापक झाले नाहीत. (आज एका शाळेला त्यांचं नाव आहे, ते पुष्कळ नंतर.) लिंकनचे चषक, लिंकनच्या परंपरा नव्या इमारतीत मानानं आल्या नाहीत, ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. सबंध दक्षिणेत असंच झालं. दोन शाळा एक करायच्या म्हणजे बहुतेक ठिकाणी काळ्यांची शाळा बंद करायची आणि तिथल्या मुख्याध्यापकाला खाली उतरवायचं. डेव्हिड सेसेल्स्की यांनी याच राज्यातल्या हाइड काउंटीवर 1994 मध्ये पुस्तक लिहिलं. तिथं 1968–69 मध्ये कृष्णवर्णीय पालकांनी आपल्या शाळा बंद होऊ नयेत म्हणून वर्षभर मुलांना शाळेत पाठवलं नाही. त्यांना काय विषमता हवी होती? त्यांचा प्रश्न होता, समतेची किंमत एकाच बाजूनं का मोजायची?

म्हणजे ज्याला आपण आठवण समजतो, तो निवाडा आहे. इथं आमच्या विषयातला एक भेद उपयोगी पडतो. एडवर्ड क्रेग यांनी 1990 च्या पुस्तकात तो मांडला आणि मिरांडा फ्रिकर यांनी 2007 मध्ये ज्ञानव्यवहारातल्या अन्यायावर लिहिताना तो पुढं नेला. साध्या शब्दांत असं: झाडाच्या वाढीच्या वलयांवरून वय कळतं, तसं माणसाकडूनही काही कळू शकतं. पण झाड आपल्याला सांगत नाही, आपण त्याच्यावरून काढतो. माणूस सांगतो. माणसाला झाडासारखं वापरलं, की त्याच्याकडून माहिती मिळते आणि जाणता म्हणून त्याचं स्थान मात्र जातं. लिंकनच्या मुलाखतींना स्मरणरंजन म्हणणारा नेमकं हेच करतो. सांगणाऱ्याचं मत बाजूला ठेवतो आणि त्याच्या भावनेची वलयं मोजतो.

आता कागद आणि तोंडी सांगणं यांचा संबंध. याबाबत या गावाकडं एक विलक्षण उदाहरण आहे आणि ते कुठल्याही प्रकल्पाच्या आधीचं आहे. पॉली मरी. वकील, लेखिका, आणि पुढं एपिस्कोपल चर्चमध्ये दीक्षा मिळालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. 1956 मध्ये त्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास लिहिला. त्याचा पाया आजीच्या गोष्टी. आजी कॉर्नेलिया चॅपल हिलजवळच्या स्मिथ कुटुंबाच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मली. आई हॅरिएट गुलाम, बाप मालकाच्याच घरातला मुलगा. आजीला आपल्या स्मिथ रक्ताचा अभिमान होता, आणि नातीला त्या अभिमानाची चीड यायची. मरी वकील, त्यामुळं आजीच्या शब्दावर विसंबल्या नाहीत. दस्त, मृत्युपत्रं, चर्चच्या नोंदी तपासल्या. चर्चच्या वहीत 1854 मध्ये पाच मुलांच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, मिस मेरी रफिन स्मिथ यांची नोकर मुलं म्हणून. त्यात कॉर्नेलिया. बाप कोण, हे वही सांगत नाही. मेरी रफिन ही त्या मुलीची सख्खी आत्या, हेही वही सांगत नाही. वहीत खोटं काही नाही. पण वही आणि आजी यांत जास्त जाणणारं कोण, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही.

पुढचं ऐका. त्या मेरी रफिन स्मिथ 1885 मध्ये वारल्या, आणि आपल्या जमिनीचा मोठा भाग विद्यापीठाला देऊन गेल्या. 1938 मध्ये कॉर्नेलियाची नात, पॉली मरी, त्याच विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करते. उत्तर आलं, तुमच्या वंशाच्या लोकांना इथं प्रवेश नाही. त्याच डिसेंबरात अध्यक्ष रूझवेल्ट या विद्यापीठात आले होते, मानद पदवी घेतली होती, आणि उदार विचारांची संस्था म्हणून तिची तारीफ करून गेले होते. मरी यांनी त्यांना थेट पत्र लिहिलं. चाळीस वर्षांनी, 1978 मध्ये, विद्यापीठानं मरी यांना मानद पदवी देऊ केली. त्यांनी नाकारली, कारण विद्यापीठ तेव्हाही एकत्रीकरणाच्या सरकारी योजनेशी झगडत होतं. आजीच्या गोष्टी नसत्या, तर हा सगळा व्यवहार विद्यापीठाच्या दप्तरात देणगी या एका शब्दात संपला असता.

लिप्यंतराबद्दल दोन शब्द, कारण तुम्ही आमचं बोलणंही वाचणार आहात. कोणी तरी हे टंकून काढील, आमचा खोकला त्यात नसेल, आणि वाक्यं आहेत त्यापेक्षा सरळ होतील. आम्ही उपकृत आहोत! पण 1930 च्या दशकात गोऱ्या मुलाखतकारांनी कृष्णवर्णीयांचे उच्चार मुद्दाम वेडेवाकडे लिहिले. त्या स्पेलिंगमधून सांगणारा अडाणी दिसतो. आजचे प्रकल्प उलट टोकाला जातात आणि बोलणं इतकं इस्त्री करतात की चर्चमध्ये वाढलेल्या माणसाची लय, पुन्हा उच्चारलेला शब्द, प्रश्नाला प्रश्नानं दिलेलं उत्तर, सगळं जातं. म्हणून ध्वनी उपलब्ध असेल तिथं आधी ध्वनी ऐकावा, कागद नंतर. उच्चार कळायला जड जाईल. जाऊ द्या.

मग विचारणाराच बदलला तर? तेही या गावात घडलंय. नॉर्थसाइडच्या सेंट जोसेफ चर्चच्या आधारानं मॅरियन चीक जॅक्सन यांच्या नावाचं केंद्र उभं राहिलं. विद्यापीठातल्या प्राध्यापिका डेला पोलॉक यांचा त्यात मोठा वाटा. या केंद्राच्या मौखिक संग्रहाला चर्चबाहेरच्या दगडी भिंतीचं नाव आहे. साठच्या दशकात मोर्चे याच भिंतीपाशी जमायचे. मुलाखत वस्तीतच होते, आणि शाळकरी मुलंही ऐकायला असतात. आपल्याकडं ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं, त्याची इथं आठवण होते. विचारणारी चळवळीतलीच असली की उत्तर कुठं पोचतं ते त्या पुस्तकात दिसतं.

तरी या संग्रहावरही टीका करायला हवी, नाहीतर आम्ही फक्त आरती ओवाळतोय असं होईल. एक म्हणजे, इथं सगळे एकमेकांचे फार चांगले शेजारी आहेत. शिक्षकाचं घर आणि धोबिणीचं घर यांत अंतर नव्हतं? गोऱ्या-गव्हाळ आणि गडद रंगावरून वस्तीतच डावं-उजवं नव्हतं? मरी यांनी तर आपल्या आजीच्या रंगाभिमानावर 1956 मध्येच निर्भीडपणे लिहिलंय. शेजाऱ्यानं विचारलं की विद्यापीठाबद्दल मोकळं बोलता येतं, पण दुसऱ्या शेजाऱ्याबद्दल नाही. प्रत्येक ऐकणारा काही दारं उघडतो आणि काही बंद करतो. दुसरं असं, की हे केंद्र गोष्टी जमवतं ते वस्ती टिकवण्यासाठी. घरं विकत घेऊन विद्यार्थ्यांना भाड्यानं देणारे आले, कर वाढले, वस्तीच्या कडेला ग्रीनब्रिज नावाची दहा मजली इमारत उभी राहिली. जुनी कुटुंबं हलू लागली. अशा वेळी सांगितलेली गोष्ट हा नगरसभेपुढचा पुरावाही असतो, आणि पुराव्याला धार लागते तेव्हा कंगोरे झिजतात. आम्हाला हे समजतं. घर जाणाऱ्या माणसानं आधी भाऊबंदकी सांगावी, अशी अपेक्षा करणारा समीक्षक आम्हाला नको. पण ऐकताना हे ध्यानात असावं.

आणि काही गोष्टी दोन्ही संग्रहांत अडखळतात. 21 नोव्हेंबर 1970 च्या पहाटे विद्यापीठाच्या विद्यार्थी-भवनाबाहेर जेम्स केट्स या बावीस वर्षांच्या, नॉर्थसाइडमध्ये वाढलेल्या तरुणाला एका गोऱ्या मोटारसायकल टोळीच्या लोकांनी भोसकलं. तो मेला. खटल्यात पंच सगळे गोरे, आणि आरोपी सुटले. विद्यापीठाच्या आवारात घडलेल्या या खुनाला तिथं स्मरणफलक मिळाला 2022 मध्ये. वस्तीत मात्र तो नेहमीच ‘आमचा जेम्स’ राहिला. या विषयावर बोलताना माणसं थांबतात. लिप्यंतरात थांबण्याला खूण नसते, फार तर तीन टिंबं. ते थांबणं पन्नास वर्षांनंतरच्या दुःखाचं आहे, की समोरचा विद्यापीठाचा माणूस किती ऐकून घेईल याच्या अंदाजाचं, हे टिंबांवरून ठरवता येत नाही. ध्वनीवरून कधी कधी येतं.

2015 मध्ये विद्यापीठानं नॉर्थसाइडमधली घरं घेऊन राखण्याच्या योजनेसाठी तीस लाख डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं. वस्तीच्या गोष्टींचा या निर्णयात वाटा होता, असं केंद्राचे लोक मानतात, आणि ते बरोबर असावं. कर्ज होतं, देणगी नव्हती, फेडायचं होतं. मेरी रफिन स्मिथ यांच्या जमिनीचं काय ते आपण मघाशी पाहिलंच. आता प्रश्न असतील तर घेऊ. मात्र ज्यांना ऐकायचंय त्यांनी सुरुवात एलिझाबेथ ब्रुक्स यांच्या मुलाखतीपासून करावी, हेडफोन लावून, आणि पहिली दहा मिनिटं विचारणाऱ्याकडंच कान द्यावेत.